विद्यापीठातील प्रयोगशाळांची रासायनिक सुरक्षा : देखरेख कोणी करावी आणि कशी?

नवी_समन्वयक

नमस्कार. विद्यापीठाच्या रासायनिक सुरक्षा समितीचे समन्वयकपद नुकतेच माझ्याकडे आले आहे. माझे क्षेत्र वैश्लेषिक रसायनशास्त्र असल्यामुळे रसायनांशी रोजचा संबंध आहे. पण इतरांच्या प्रयोगशाळांवर देखरेख ठेवण्याचे काम मी यापूर्वी केलेले नाही. समितीच्या कक्षेत रसायनशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र हे विभाग तर येतातच, शिवाय जीवशास्त्र, भूशास्त्र आणि धातुशास्त्र या विभागांच्या प्रयोगशाळाही येतात, आणि या तिन्ही विभागांचे म्हणणे असे की ‘आमच्याकडे फारशी रसायने नसतातच’.

सध्या वर्षातून एकदा, आगाऊ कळवून, तपासणी होते. त्यासाठी एक लांबलचक तक्ता आहे. त्यातल्या प्रत्येक रकान्यात खूण केली जाते आणि जवळजवळ सर्व प्रयोगशाळा ‘समाधानकारक’ ठरतात. टाकाऊ रसायनांच्या खोलीत पाऊल ठेवल्यावर मात्र या शेऱ्याचा अर्थ लागत नाही. तेथील अनेक कॅनवर ‘वेस्ट’ किंवा ‘ऑरगॅनिक’ एवढेच लिहिलेले आहे, काहींवरची शाई द्रावकाने पुसून गेली आहे, आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी संस्था असे कॅन उचलण्यास नकार देते, जे रास्तच आहे. त्यात भर म्हणजे एका निवृत्त प्राध्यापकांचे कपाट आजही बंद अवस्थेत उभे आहे. त्याच्या काचेतून ईथरच्या आणि पिक्रिक आम्लाच्या जुन्या बाटल्या दिसतात.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जबाबदारी कोणाची धरावी, संशोधन मार्गदर्शकाची, विभागप्रमुखाची की समितीची? तपासणी कागदोपत्री न राहता खरी कशी करावी? आणि हा जुना साठा कोठून हाताळायला घ्यावा? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सावध_रसायनी

मी रासायनिक सुरक्षा अधिकारी म्हणून काम करतो. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिले दोन प्रश्न महिनाभर थांबले तरी चालेल. ते कपाट थांबू शकत नाही.

कपाट उघडू नका, हलवू नका आणि ‘जरा आत काय आहे ते पाहतो’ म्हणणाऱ्या उत्साही सहकाऱ्यालाही हात लावू देऊ नका. काचेबाहेरून छायाचित्रे घ्या, खोलीला कुलूप लावा, आजूबाजूला काम करणाऱ्यांना लेखी कल्पना द्या आणि स्फोटक होऊ शकणारी रसायने हाताळण्याचे प्रशिक्षण असलेल्या तज्ज्ञांना बोलवा. ईथर वर्गातील द्रावके हवेतील ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतात आणि त्यांत पेरॉक्साइडे तयार होतात. नव्या बाटलीत ही क्रिया रोखण्यासाठी स्थिरक घातलेला असतो, परंतु तो कालांतराने संपतो. झाकणाच्या आट्यांत पांढरे स्फटिक जमले असतील, तर झाकण फिरवताना होणारे घर्षणसुद्धा स्फोटाला पुरेसे ठरू शकते. डायआयसोप्रोपिल ईथर या बाबतीत सर्वांत कुप्रसिद्ध आहे, कारण त्यात नुसत्या साठवणुकीतच धोकादायक प्रमाणात पेरॉक्साइडे तयार होतात. म्हणूनच त्याची उघडलेली बाटली तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. डायएथिल ईथर आणि टेट्राहायड्रोफ्युरान यांचा धोका मुख्यतः द्रावक उडून गेल्यावर किंवा ऊर्ध्वपातन करताना, म्हणजे पेरॉक्साइड संहत होत जाते तेव्हा, वाढतो.

पिक्रिक आम्लाची गोष्ट निराळी. ते पाण्याने ओले ठेवूनच विकले जाते आणि कोरडे पडले की स्फोटक पदार्थासारखे वागते. झाकण धातूचे असेल तर त्या धातूचे पिक्रेट तयार होऊ शकते, आणि अशी काही पिक्रेटे आम्लापेक्षाही अधिक संवेदनशील असतात. ‘थोडे पाणी घालून ओले करून टाकू’ हा उपाय सुचतो खरा, पण त्यासाठी झाकण उघडावे लागते आणि नेमके तेच करायचे नसते.

आता निनावी कॅन. त्यातले काहीही, केवळ जागा वाचवण्यासाठी, एकमेकांत ओतू नका. पहिला तपास प्रयोगशाळेत नव्हे तर कागदांत करावा : तो कॅन कोणत्या खोलीतून आला, त्या काळात तेथे कोण काम करत होते, कोणत्या रसायनांची खरेदी झाली होती आणि त्या गटाच्या प्रबंधांत कोणत्या अभिक्रिया आहेत. माजी विद्यार्थी दूर गेलेले असले तरी दोन ओळींच्या ईमेलला उत्तर देतात आणि निम्मे कोडे तेथेच सुटते. जे उरेल त्याचे प्रशिक्षित व्यक्तीने अल्प प्रमाणात, फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचून घेणाऱ्या बंदिस्त कप्प्यात), वर्गीकरण करावे : आम्लता, पाण्यात मिसळते की नाही, पाण्याशी अभिक्रिया होते का, पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चच्या कागदाने ऑक्सिडीकारक आहे का, ज्वलनशीलता, सायनाइड आणि सल्फाइड. विल्हेवाट लावणाऱ्या संस्थेला बहुतेक वेळा रेणूचे नेमके नाव लागत नाही. धोक्याचा वर्ग खात्रीने कळला तरी ती पुढचे पाऊल टाकू शकते. मात्र वर सांगितल्याप्रमाणे स्फटिक दिसणाऱ्या, फुगलेल्या किंवा गळणाऱ्या पात्रांच्या वाट्याला या चाचण्यांसाठीही जाऊ नये.

साठा_विभाग

मी टाकाऊ रसायनांची खोली सांभाळतो. वरील प्रतिसादाशी पूर्णपणे सहमत आहे. मात्र तुमच्या खोलीतला निनावी कॅन हा तुमच्या खोलीत निनावी झालेला नाही. त्यात पहिला थेंब पडला त्या दिवशी त्याच्यावर नाव नव्हते, एवढेच. त्यामुळे कचऱ्यावरची देखरेख माझ्या दारात सुरू करून उपयोग नाही; ती संशोधकाच्या ओट्यावर सुरू झाली पाहिजे.

आमच्याकडे यासाठी एकच नियम कसोशीने पाळला जातो. रिकाम्या पात्रावर लेबल आधी लागते आणि मग त्यात काही ओतले जाते. लेबलावर घटकांची पूर्ण नावे, अंदाजे टक्केवारी, धोक्याचा प्रकार, सुरुवातीची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव असते. रासायनिक सूत्रे आणि गटातल्या गटात चालणारी लघुरूपे आम्ही स्वीकारत नाही, कारण लेबल वाचणारा माणूस रसायनतज्ज्ञ असेलच असे नाही. ओतण्याव्यतिरिक्त इतर वेळी झाकण बंद असते आणि पात्र तोंडापर्यंत भरले जात नाही. द्रावक फ्यूम हूडमध्ये उघडे ठेवून ‘उडवून टाकणे’ ही विल्हेवाट नव्हे, ते हवेचे प्रदूषण आहे. तरीही ही पद्धत अजून अनेक ठिकाणी चालते.

काय एकत्र करू नये याची मोठी यादी भिंतीवर लावता येते, पण लोक ती वाचत नाहीत. म्हणून जे प्रकार सर्वाधिक सतावतात तेवढेच सांगतो. नायट्रिक आम्ल असलेल्या टाकाऊ द्रावणात कोणी अल्कोहोल किंवा ॲसिटोन ओतले तर वायू तयार होऊ लागतात. हे ताबडतोब दिसेलच असे नाही. घट्ट झाकण लावलेली बाटली काही तासांनी, खोलीत कोणी नसताना, फुटते. त्यामुळे अशा कचऱ्यासाठी वायू बाहेर सोडणारी झाकणे वापरावीत आणि तो सेंद्रिय कचऱ्याजवळ ठेवूच नये. सोडियम ॲझाइड तर तिहेरी डोकेदुखी आहे : आम्लाशी संयोग झाला तर विषारी हायड्रॅझोइक आम्ल, तांबे किंवा शिसे असलेल्या सांडपाण्याच्या नळ्यांत गेले तर स्फोटक ॲझाइडे, आणि डायक्लोरोमिथेनशी गाठ पडली तर स्फोटक डायॲझिडोमिथेन. हॅलोजनयुक्त (म्हणजे क्लोरीनसारखी मूलद्रव्ये असलेली) द्रावके वेगळी ठेवायची कारण ती जाळताना हायड्रोक्लोरिक आम्लासारखे वायू निर्माण होतात आणि त्यांच्यासाठी भट्टीची वेगळी व्यवस्था लागते. अर्धा लिटर क्लोरोफॉर्म चुकीच्या कॅनमध्ये गेला की सगळा कॅन त्या वर्गात जमा होतो.

जीवशास्त्र विभागाच्या ‘आमच्याकडे फारशी रसायने नसतात’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. आरएनए वेगळे काढण्याच्या अनेक किटमध्ये ग्वानिडिन थायोसायनेट असते. त्याचा उरलेला द्रव निर्जंतुक करायचा म्हणून कोणी त्यावर ब्लीच ओतले, तर सायनाइडयुक्त विषारी वायू निघू शकतात. येथे माणूस निष्काळजी नसतो; उलट जंतुसंसर्गाच्या बाबतीत तो काळजीच घेत असतो. भूशास्त्राकडे खडक विरघळवण्यासाठी हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. विरल असेल तर ते कातडीवर पडल्याचे कित्येक तास कळतही नाही, पण ते आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. त्या प्रयोगशाळेत यावरच्या प्रथमोपचाराचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल आहे का, त्याची मुदत उलटलेली नाही ना आणि ते कोठे ठेवले आहे हे तेथील प्रत्येकाला ठाऊक आहे का, एवढे पाहिले तरी त्या विभागाची स्थिती कळते.

ओट्यावरची

मी पीएच.डी.ची विद्यार्थिनी आहे. वरचे सर्व मुद्दे योग्य आहेत, तरी ते ज्यांच्या हातून पाळले जायचे त्यांच्या बाजूनेही काही सांगावेसे वाटते.

नवा विद्यार्थी सुरक्षेचे नियम पुस्तिकेतून शिकत नाही, शेजारच्या ओट्यावरच्या सीनियरकडून शिकतो. प्रवेशाच्या वेळी झालेल्या तासाभराच्या व्याख्यानातून ‘गॉगल घाला’ एवढेच लक्षात राहते. हवेत पेट घेणारे द्रव सिरिंजने कसे ओढायचे हे त्यातून कळत नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात 29 डिसेंबर 2008 रोजी झालेल्या अपघातात तरुण संशोधन साहाय्यिका तृतीयक-ब्युटिललिथियम सिरिंजने घेत असताना दट्ट्या बाहेर निघाला, द्रवाने हवेत पेट घेतला आणि अंगावर लॅब कोट नसल्यामुळे कपडे पेटले. 18 दिवसांनी तिचा मृत्यू झाला. असे काम करण्याआधी जाणकार व्यक्तीने ते समोर करून दाखवावे, मग विद्यार्थ्याने तिच्या देखत करावे आणि दोघांनी तशी नोंद करावी, इतके किमान बंधनकारक असायला हवे.

दुसरी बाब म्हणजे तोंडी सूचना. टेक्सास टेक विद्यापीठात 7 जानेवारी 2010 रोजी निकेल हायड्रॅझिन परक्लोरेटचा स्फोट होऊन एका विद्यार्थ्याची तीन बोटे गेली. या संयुगाची निर्मिती 100 मिलिग्रॅमच्या आतच ठेवायची असा संकेत होता, पण तो लेखी नव्हता; विद्यार्थ्यांनी सुमारे 10 ग्रॅम तयार केले होते. म्हणजे शंभरपट. मर्यादा लेखी असती आणि ती ओलांडण्यासाठी कोणाची तरी सही लागली असती, तर त्या सहीच्या वेळी निदान एक प्रश्न विचारला गेला असता.

तिसरे, आणि हे समन्वयक मॅडमना विनंती म्हणून : सुरुवातीलाच दंडाची भाषा करू नका. कचरा चुकीच्या कॅनमध्ये टाकल्याबद्दल ज्याला सर्वांसमोर बोलणी बसतात, तो पुढच्या वेळी तो कॅन घेऊन येत नाही. संध्याकाळी कचरा सिंकमध्ये ओतून नळ सोडतो. थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची माहिती नाव न देता कळवण्याची सोय द्या, आणि ती माहिती मार्गदर्शकांच्या गोपनीय अहवालात न जाता सर्व प्रयोगशाळांपर्यंत जाईल असे पाहा.

नवी_समन्वयक

सर्वांचे मनापासून आभार. कपाटाची खोली आजच बंद करून घेतली असून तज्ज्ञांशी पत्रव्यवहार सुरू केला आहे.

अधिकाराचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. समितीचे अध्यक्ष एका मोठ्या विभागाचे प्रमुख आहेत आणि सर्वाधिक त्रुटी त्यांच्याच विभागात आहेत. मी अहवाल दिला तर तो त्यांच्याच टेबलावर जातो. दंड नको हे पटते, पण उद्या एखाद्या प्रयोगशाळेत काम थांबवणे खरोखरच गरजेचे झाले तर ते कोण थांबवणार?

सावध_रसायनी

टेक्सास टेकच्या स्फोटावरील अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाचा 2011 चा अहवाल या प्रश्नासाठी अवश्य वाचावा. त्याचा रोख त्या विद्यार्थ्यांवर नाही. मार्गदर्शक, विभाग आणि विद्यापीठ प्रशासन या तिन्ही पातळ्यांवर उत्तरदायित्व आणि देखरेख अपुरी होती, तसेच आधीच्या प्रसंगांची नोंद ठेवून त्यापासून शिकण्याची व्यवस्था नव्हती, हा त्याचा निष्कर्ष आहे. लॉस एंजेलिसच्या प्रकरणात तर डिसेंबर 2011 मध्ये संबंधित प्राध्यापक आणि विद्यापीठाचे नियामक मंडळ या दोघांवरही फौजदारी आरोप ठेवले गेले. हे उदाहरण कुलगुरूंसमोर ठेवले की अधिकाराची चर्चा बरीच सोपी होते, असा माझा अनुभव आहे.

माझ्या मते रचना अशी असावी. रोजची जबाबदारी संशोधन मार्गदर्शकाचीच, कारण कोणती अभिक्रिया होणार हे त्यालाच आधी कळते. साधने, जागा आणि मनुष्यबळ पुरवण्याची जबाबदारी विभागप्रमुखाची. सुरक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मात्र विभागांच्या डोक्यावरून थेट कुलगुरूंकडे गेला पाहिजे. ज्यांचे काम तपासायचे त्यांच्याच हाताखाली तपासणारा असेल, तर सद्‌हेतू असूनही तपासणी बोथट होते. काम थांबवण्याचा अधिकार लेखी असावा, पण तो अगदी मोजक्या प्रसंगांपुरता मर्यादित ठेवावा : जिवाला तात्काळ धोका, बंद पडलेला फ्यूम हूड असताना विषारी किंवा ज्वलनशील वाफांचे काम, स्फोटक किंवा हवेत पेटणाऱ्या पदार्थावर एकट्याने चाललेले काम. बाकी सर्व त्रुटींसाठी मुदत द्यावी. हा अधिकार क्षुल्लक कारणांसाठी वापरला की पहिल्याच वर्षी तो काढून घेतला जातो.

निवृत्त_मार्गदर्शक

मी अनेक वर्षे संशोधन गट चालवला असल्याने थोडा वेगळा सूर लावतो. थेट कुलगुरूंपर्यंत जाणारा अधिकारी हवा, यात वाद नाही. परंतु देखरेख पूर्णपणे मध्यवर्ती झाली की प्राध्यापकांची अशी समजूत होते की सुरक्षा हे ‘त्या कार्यालयाचे’ काम आहे, आणि ही समजूत ढिलाईइतकीच घातक असते. अधिकाऱ्याला शंभर खोल्या पाहायच्या असतात. मार्गदर्शक आपल्या खोलीत रोज जातो.

मला विचाराल तर खरी पकड दोन ठिकाणी बसते, आणि दोन्ही ठिकाणी तपासणीचा तक्ता लागत नाही. एक म्हणजे खरेदी. मोठी बाटली लिटरमागे स्वस्त पडते म्हणून घेतली जाते, त्यातले थोडेसे वापरले जाते आणि उरलेले वर्षानुवर्षे कपाटात राहते. विल्हेवाटीचा खर्च धरला तर ती बाटली मुळीच स्वस्त नसते. मागणीपत्रावर ‘हे रसायन इतर कोणत्या प्रयोगशाळेत शिल्लक आहे का’ आणि ‘उरल्यास त्याचे काय करणार’ असे दोन रकाने वाढवले आणि संपूर्ण विद्यापीठाची एकच साठा नोंद संगणकावर ठेवली, तर कचऱ्याचा मोठा भाग जन्मालाच येत नाही. कारखान्यांकडून ‘देणगी’ म्हणून येणारी रसायने तर नम्रपणे नाकारावीत. ती बहुधा त्यांनाच नकोशी झालेली असतात.

दुसरे ठिकाण म्हणजे निरोप. संशोधक विद्यार्थ्याला नादेय दाखला देण्यापूर्वी त्याच्या नावावरची प्रत्येक बाटली दुसऱ्याच्या नावावर सहीनिशी गेली पाहिजे किंवा टाकाऊ खोलीत लेबलसह जमा झाली पाहिजे. ग्रंथालयाचे एक पुस्तक बाकी असेल तर आपण दाखला अडवतो, मग सायनाइडची बाटली बाकी असताना तो का द्यावा? हाच नियम निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांनाही लावावा, किंबहुना त्यांना आधी लावावा, आणि निवृत्तीच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे तर वर्षभर आधीपासून.

नवी_समन्वयक

नादेय दाखल्याची सूचना पुढच्याच बैठकीत मांडते. शेवटचा प्रश्न : तपासणीचा जुना तक्ता रद्द करावा, की सुधारून वापरावा?

साठा_विभाग

तक्ता राहू द्या, पण छोटा करा आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ या उत्तरांनी भागेल असे प्रश्न त्यातून काढून टाका. ‘हातमोजे वापरतात का’ या प्रश्नाला सगळीकडे ‘होय’ येते आणि त्यातून काहीही कळत नाही. 1996 मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील अनुभवी प्राध्यापिकेच्या हातावर डायमिथाइलमर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब पडले तेव्हा त्यांनी हातमोजे घातलेलेच होते. ते लॅटेक्सचे होते आणि हे संयुग लॅटेक्समधून काही सेकंदांतच आरपार जाते, हे त्या वेळी माहीत नव्हते. पुढच्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. म्हणून प्रश्न असा असावा : ‘आज जे रसायन वापरत आहात त्यासाठी कोणते हातमोजे लागतात आणि हे तुम्ही कोठे पाहिले?’ रसायनासोबत पुरवठादार देतो त्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या 16 विभागांपैकी आठव्यात संरक्षक साधने, दहाव्यात कशाशी संयोग टाळावा आणि तेराव्यात विल्हेवाट असते. विद्यार्थ्याने ते पान उघडून दाखवले तर त्या प्रयोगशाळेबद्दल निम्मी चिंता मिटते.

तपासणी आगाऊ न कळवता, महिन्यातून थोड्याच खोल्यांची करा, आणि सोबत दुसऱ्या विभागाचा एखादा विद्यार्थी न्या. कोणतीही एक बाटली उचलून जवळ उभ्या असलेल्या व्यक्तीला विचारा की हे काय आहे, हे सांडले तर तुम्ही काय कराल आणि उरले तर ते कोठे जाईल. डोळे धुण्याचे साधन ‘आहे’ अशी नोंद न करता ते स्वतः चालवून पाहा. सुरुवातीला गंजलेले पाणी येत असेल तर ते आठवड्याला चालवले जात नाही असे समजावे. डोळे निदान 15 मिनिटे धुवायचे असतात, त्यामुळे पाणी सलग तेवढा वेळ टिकते का हेही पाहावे. फ्यूम हूड खोक्यांनी भरलेला असेल तर त्याच्या हवेच्या वेगाचे प्रमाणपत्र कितीही ताजे असले तरी आत हवा नीट वाहत नाही, तेव्हा तो रिकामा होईपर्यंत नापास धरा. ईथरच्या बाटलीवर आल्याची आणि उघडल्याची अशा दोन्ही तारखा आहेत का, तेवढे शेवटी बघा. दोन्ही नसतील तर त्या कपाटाची पूर्ण मोजणी दुसऱ्या दिवशीच लावा आणि तोपर्यंत त्यातल्या ज्या बाटल्यांवर तारीख नाही त्यांना कोणालाही हात लावू देऊ नका.